डुबियाचा डबा दोनदा रिकामा का झाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीत, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सात टॅरँटुला, म्हणजे मोठ्या जातीचे केसाळ कोळी (तीन मोठे, चार पिल्लं), शेतात सापडलेला एक विंचू आणि दोन मँटिस (प्रार्थना कीटक). त्यांच्या खाण्यासाठी डुबिया झुरळं दोनदा मागवली. पहिली खेप मे महिन्यात दोन दिवसांत मेली. दुसरी ‘हळूहळू संपत गेली’ आणि आता डब्यात चार-सहा पंखवाले तेवढे फिरताहेत. घरात आईचा विरोध आहे. विचारलंय की पुन्हा पुन्हा विकत न आणता कायम चालेल अशी कॉलनी आपल्याकडच्या हवेत होते का, की सरळ लाल रनर झुरळं आणावीत.

कॉलनी होते. वर्षातले निदान आठ महिने आपल्याकडे डब्याला वेगळी ऊब द्यावी लागत नाही, ही मोठीच सोय आहे. फक्त तुमच्या दोन खेपा दोन वेगळ्या कारणांनी गेल्यात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

आधी दुसरी खेप, कारण बहुतेकांच्या कॉलन्या अशाच संपतात. तुम्ही पन्नास झुरळं आणली आणि दुसऱ्या आठवड्यापासून कोळ्यांना घालायला लागलात. म्हणजे बियाण्याची ज्वारी दळून भाकरी केली. त्यातही डब्यात उरले ते नर, यावरून काय झालं ते कळतं. डुबियाच्या नराला पूर्ण पंख असतात, मादीला नुसते खुंट. मादी रुंद, गुबगुबीत, बिनपंखी दिसते. म्हणून ‘चांगलं मोठं खाद्य’ म्हणून चिमट्यात पहिली तीच येते. नराचे पंख कोळ्याला खायचे नसतात म्हणून त्याला आपण मागे ठेवतो. नेमकं उलट करायचं असतं. तीन ते पाच माद्यांमागे एक नर पुरतो. जास्तीचे नर आणि मधल्या मापाची पिल्लं काढा. पूर्ण वाढलेली मादी डब्याबाहेर काढायचीच नाही. ती म्हातारी होऊन आपल्या मरणानं मरेपर्यंत तिथेच राहील, दीड-दोन वर्षं सहज.

आता तुमच्या गरजेचा हिशोब मांडू. मोठ्या टॅरँटुलाला दहा-पंधरा दिवसांतून एक झुरळ पुरतं. तीन मोठे आणि विंचू मिळून महिन्याला दहा-बारा. चार पिल्लांना आठवड्यातून दोनदा बारीक झुरळ, म्हणजे महिन्याला तीस-बत्तीस. मँटिसचं वेगळं, ते पुढे सांगतो. एकूण गरज महिना पंचेचाळीसच्या आसपास, त्यातही बहुतेक नखाएवढी. डुबियाची मादी तीस अंशांच्या आसपास तापमान असेल तर साधारण दोन-सव्वादोन महिन्यांतून एकदा वीस-तीस पिल्लं देते. दहा माद्या धरल्या तर कागदावर महिन्याला शंभराच्या वर पिल्लं पडतात. त्यातली काही मरतात, काही पुढच्या पिढीसाठी राखायची, आणि थंडीत जन्म जवळजवळ थांबतात. म्हणून निम्मं धरा. पंधरा ते वीस माद्या तुम्हाला वर्षभर पुरून उरतील. लोक घाबरून दोनशे-तीनशेची कॉलनी करतात आणि मग डबा उतू जातो. कोळी पाळणाऱ्याचं खाद्य सरडे पाळणाऱ्याच्या मानानं फारच थोडं लागतं. मोठी कॉलनी म्हणजे जास्त वास, जास्त सफाई आणि जास्त बुरशी, एवढंच.

पिल्लू जन्मतः दोन-तीन मिलिमीटरचं असतं आणि मोठं व्हायला पाच-सहा महिने घेतं. म्हणून नव्या कॉलनीला पहिले सहा महिने हात लावायचा नाही. जास्तीचे नर काढले तर चालतील. या सहा महिन्यांत कोळ्यांचं खाद्य बाहेरून आणा. हा नियम ज्यांना जड जातो त्यांनी कॉलनी करू नये, दर महिन्याला विकत आणावं. ते स्वस्त पडतं.

पहिल्या खेपेकडे वळू. दोन दिवसांत सगळी मेली, तर एक तर उष्णता, नाही तर विष. मेलेली कशी पडली होती ते आठवा. लहान-मोठी सगळी एकदम, उघड्यावर येऊन, पाठीवर उताणी, पाय थरथरत असतील तर ते विष. कोपऱ्यात आणि भाजीच्या तुकड्याभोवती ढीग करून मेली असतील, पोट चपटं झालेलं असेल, तर उष्णता आणि तहान. डुबिया पस्तीस अंशांपर्यंत मजेत असतात, त्यापुढे त्रास सुरू होतो. चाळीसच्या वर तास न् तास गेले तर मरतात. परभणीत मे महिन्यात बाहेर ४३-४४ असतं तेव्हा दुपारी तीनला पत्र्याच्या खोलीत काय असेल ते सांगायला नको. कमाल-किमान तापमान नोंदवणारा डिजिटल थर्मामीटर डब्यात ठेवा. त्याशिवाय बाकी सगळी चर्चा हवेत आहे.

उन्हाळ्यात डबा गच्चीवरून खाली आणा. घरात माळवदाची जुनी खोली असेल तर तिच्यासारखी जागा नाही. मातीच्या जाड छताखाली मे महिन्यातही आणि पौषातही तापमान फार हलत नाही. ती नसेल तर खालच्या मजल्यावरची उत्तरेकडची भिंत, जमिनीलगत. कूलरच्या खोलीत ठेवत असाल तर एक लक्षात घ्या: कूलर हवा गार करतो तशी ओलही भरतो. सात-आठ दिवसांत पुठ्ठ्याचे ट्रे मऊ पडतात, बुरशी धरते आणि पिठात पांढुरके किडे दिसायला लागतात. कूलरचा झोत डब्यावर येऊ देऊ नका आणि झाकणाची जाळी मोठी ठेवा.

विषाचं मात्र सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरात ते ठिकठिकाणी असतं आणि कुणाला ते विष वाटत नाही. डासांचं लिक्विड मशीन आणि कॉइल यांत पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात. माणसाला त्या प्रमाणात त्रास नाही, पण बंद खोलीत रात्रभर चाललं तर झुरळं जातात आणि कोळीही जातात. मुंग्यांसाठी ओढतात तो लक्ष्मणरेषा खडूही त्याच जातीचा. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की नगरपालिकेची धूर फवारणीची गाडी गल्लीतून जाते. तिचा आवाज आला की खिडक्या लावा आणि डब्यावर ओलं फडकं टाका, गाडी गेल्यावर तासाभरानं काढा. घरात कुत्रं असेल आणि त्याच्या मानेवर गोचिडांचं औषध टाकलं असेल तर त्याला कुरवाळलेल्या हातानं डबा उघडू नका. त्यातलं फिप्रोनिल हेच झुरळांच्या जेलमध्येही वापरतात.

आणि सर्वांत लपून बसलेलं विष कोठीत असतं. वर्षभराचा गहू, ज्वारी, तूर भरताना आपल्याकडे कितीतरी घरांत बोरिक पावडर चोळतात. बोरिक पावडर म्हणजे झुरळांचंच जुनं औषध. आपण धान्य निवडून धुऊन दळतो, म्हणून आपल्याला चालतं. तेच न धुतलेलं धान्य भरडून डब्यात घातलं तर कॉलनी आठ-दहा दिवसांत हळूहळू झोपते आणि कारण सापडत नाही. एरंडेल लावलेलं धान्य असेल तर हरकत नाही. खात्री नसेल तर दुकानातून आणलेला गव्हाचा कोंडा वापरा.

खाद्याचं बाकी सोपं आहे. गव्हाचा कोंडा आणि ज्वारीचं जाडसर पीठ हा पाया, त्यात थोडी भरडलेली हरभरा डाळ आणि माशांच्या खाद्याचे चिमूटभर दाणे. प्रथिनं पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. झुरळाच्या शरीरातल्या चरबीत ब्लाटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू पिढ्यान् पिढ्या राहतात. साठलेल्या युरिक आम्लातला नायट्रोजन ते पुन्हा कामी लावतात. म्हणून झुरळाचं कमी प्रथिनांवर भागतं आणि जास्त दिली तर तो साठा फुगतो. जनावरांची गोळी पेंड घालू नका, काही प्रकारांत युरिया असतो. शेंगदाण्याची पेंडही नको, ती आपल्या पावसाळ्यात हमखास बुरसटते.

ओल्या खाद्यात गाजर, लाल भोपळा, दुधी, पपई. मोसंबीची फोड आठवड्यातून एकदा द्या, तिच्यावर तुटून पडतात. साल मात्र काढून. भाजी बाजारातली असेल तर धुऊन, सोलून. कापसाच्या पट्ट्यातली, बांधावरची पालेभाजी मी कधीच घालत नाही. शेजारच्या कपाशीवर बोंडअळीचा फवारा कधी झाला ते भाजीवाल्यालाही ठाऊक नसतं. हिरवा पाला हवा असेल तर रेशीमवाल्या शेतकऱ्याकडून तुतीचा आणा. बीड-जालन्याकडे तुतीच्या बागा बऱ्याच आहेत, जालन्याला कोषांची बाजारपेठच आहे, आणि तुमच्याकडेही शोधलं तर कुणी ना कुणी सापडेल. त्या पाल्याची खात्री अशी की रेशीम अळी कीटकनाशकाला आपल्या झुरळांपेक्षाही नाजूक असते. तिला चाललेला पाला डुबियाला चालतो. मोठ्या कोळ्यांना अधूनमधून बदल म्हणून एखादी रेशीम अळीही मागून आणा, मऊ असते, आवडीनं खातात.

पाण्याची वाटी ठेवू नका, पिल्लं बुडतात आणि कोपरा ओला राहतो. भाजीतलं पाणी पुरतं. उन्हाळ्यात भाजी रोज बदला, थंडीत दिवसाआड. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा मुलखात आपण राहतो. त्या मानानं ही झुरळं फारच कमी पाण्यात भागवतात.

डबा पन्नास-साठ लिटरचा, अपारदर्शक, गुळगुळीत भिंतींचा. डुबियाला गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही, त्यामुळे व्हॅसलीन वगैरे काही नको. जुना, ओरखडे पडलेला डबा असेल तर वरच्या काठाला आतून रुंद सेलोटेप फिरवा. झाकणाला मोठा चौकोन कापून स्टीलची बारीक जाळी बसवा; मच्छरदाणीची नायलॉन जाळी कुरतडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावा, आडवे नाही, म्हणजे विष्ठा खाली पडते. ट्रे अंडीवाल्याकडून कोरे मागून घ्या. अंडी भरून आलेले ट्रे साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूमुळे नकोत. तळाला माती, भुसा काही घालायचं नाही. डबा मुंग्यांपासून वाचवायला चार वाट्यांत पाणी भरून त्यांत चार विटा आणि विटांवर डबा, जसं पूर्वी दुधाच्या भांड्याला करायचे. पालीचं काम जाळी करते.

थंडीत काय? नोव्हेंबर संपता संपता परभणीचा पारा दहाच्या खाली जायला लागतो, एखाद्या वर्षी पाच-सहापर्यंत. डब्यात पंधरा-अठरा असलं तरी मोठी डुबिया मरत नाहीत, पण वीसच्या खाली जन्म थांबतात आणि पिल्लं वाढत नाहीत. तुमचे कोळीही त्या दिवसांत कमी खातात. म्हणून मी डबा तापवण्याच्या भानगडीत पडा असं सांगणार नाही. दिवाळीपर्यंत पुरेशी पिल्लं झालेली असतील तर दोन महिने कॉलनी निवांत पडू द्या. तरी तापवायचाच असेल तर हीटिंग मॅट डब्याच्या एका बाजूला चिकटवा, तळाला नाही, आणि थर्मोस्टॅट लावा. अंडी उबवण्याच्या मशीनला वापरतात तो स्वस्तातला डिजिटल थर्मोस्टॅट चालतो. एक बाजू गरम, एक गार, झुरळं आपली जागा स्वतः निवडतात. लाइट गेली तर घाबरू नका, पाच-सहा तासांनी काही बिघडत नाही.

पावसाळा आपल्याकडे कोकणासारखा नसला तरी जुलै-ऑगस्टमध्ये डब्यातल्या कोंड्यावर बारीक पांढरी धूळ हललेली दिसेल. ते धान्यातले माइट, म्हणजे अगदी बारीक कीड. झुरळाला खात नाहीत, पण डबा व्यापतात आणि कात टाकणाऱ्या कोळ्याच्या डब्यात गेले तर त्याला सतावतात. औषध नाही. कोरडं करणं हाच उपाय: सगळं खाद्य बाहेर, नवे ट्रे, चार दिवस फक्त दिवसातून दोन तास गाजराचा तुकडा, मग काढून घ्यायचा.

एक दृश्य तुम्हाला दिसेल तेव्हा दचकू नका. मादीच्या शेपटाकडून पिवळसर, आडव्या रेघांची कोंबासारखी पिशवी बाहेर आलेली असते, जवळजवळ बोटाच्या पेराएवढी. ती अंड्यांची पिशवी. मादी ती पूर्ण बाहेर काढते, आडवी फिरवते आणि परत पोटात ओढून घेते. पिल्लं आतच वाढतात आणि जिवंत जन्मतात. त्या वेळी ट्रे हलवला, मादी हातात धरली तर पिशवी गळून पडते आणि ती वेत वाया जाते. डब्यात सुकलेल्या पिवळ्या पिशव्या सापडायला लागल्या तर डबा फार हाताळला जातोय किंवा फार कोरडा आहे. तसंच मधूनच दुधासारखं पांढरं झुरळ दिसेल, काळे डोळे तेवढे उठून दिसतात. तो रोग नाही, नुकतीच कात टाकलेली असते. काही तासांत रंग येतो. त्याला त्या दिवशी चिमटा लावू नका.

माप वेगळं करायला चाळण्या वापरा, पण आईच्या नव्हे. बाजारातून एक गव्हाची आणि एक रव्याची वेगळी आणा. गव्हाच्या चाळणीवर मोठी राहतात, रव्याच्या चाळणीवर पिल्लं, खाली विष्ठा. ती तुळशीला, गुलाबाला खत म्हणून चालते. चाळताना तोंडाला मास्क हवाच. झुरळाच्या विष्ठेची आणि कातेची ॲलर्जी सवयीनं कमी होत नाही, वाढत जाते. दम्याचा माणूस घरात असेल तर डबा त्याच्या खोलीच्या जवळपासही नको.

कोळ्याला देताना झुरळ त्याच्या पोटापेक्षा मोठं नसावं. डुबिया मेल्याचं सोंग करते आणि मातीत शिरते. कोळ्याला मग ती दिसतच नाही. चिमट्यात धरून हलवून द्या, किंवा डोकं चेचून ठेवा. रात्रीत खाल्लं नाही तर सकाळी काढून घ्या. कात टाकायला आडव्या पडलेल्या टॅरँटुलाजवळ जिवंत झुरळ राहिलं तर तेच त्याला कुरतडतं. मँटिसला डुबियाचा काही उपयोग नाही, त्याला हलणारं, चढणारं भक्ष्य लागतं. त्याच्यासाठी माश्या आणि नाकतोडे बरे, फक्त न फवारलेल्या जागेतले. गटारातली घरगुती झुरळं तर कुणालाच घालू नका. कुणाच्या तरी ओट्यावरचं जेल खाऊन ती आलेली असतात.

लाल रनरचं विचारलंत. ती भराभर वाढतात, चपळ असल्यानं कोळी लगेच पकडतो, मँटिसलाही चालतात. तरी मराठवाड्यात मी ती ठेवत नाही आणि ठेवा असं सांगणारही नाही. ही मूळची मध्य आशिया आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या, उष्ण मुलखातली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाकडच्या तशाच कोरड्या भागात ती १९७०च्या दशकाच्या शेवटी शिरली आणि आज तिथल्या अंगणांत, पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यांत तिचं राज्य आहे. आपली हवा तिला मानवेल अशीच आहे, आणि तिच्या अंड्यांच्या सुट्या पिशव्या ट्रेबरोबर सहज बाहेर जातात. डुबियाची पैदास सावकाश, पिल्लं जिवंत, अंडी सुटी पडत नाहीत. तरी तीही परदेशीच आहे. जास्तीची झाली तर मोकळी सोडायची नाही. एखाद्याच्या गावरान कोंबड्यांना घाला, नाही तर फ्रीजरमध्ये ठेवा.

विचारलं नाहीत तरी विंचवाचं सांगतो. तो काळा, पुढचे पंजे जाड असलेला इंगळी असेल तर एक वेळ ठीक. तांबूस, सडपातळ लाल विंचू असेल तर जिथून आणला तिथे, उंच बरणीतून, लांब चिमट्यानं, आजच सोडून या. त्याच्या दंशानं हृदयावर परिणाम होऊन माणसं दगावत. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला प्राझोसिन या औषधाची उपचारपद्धत रुळवली तेव्हा कुठे मृत्यू कमी झाले. छंदासाठी तो घरात ठेवण्यात अर्थ नाही. आणि टॅरँटुलांपैकी कुणी पोइसिलोथेरिया किंवा ब्रॅकिपेल्मा या जातींचं असेल, तर ती साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या यादीतली आहेत. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कागद नसतील तर वनविभागाकडे स्वतःहून जाऊन विचारा.

आईंना डबा उघडून दाखवण्यापेक्षा बंद दाखवा. जाळी, पाण्याच्या वाट्या, वेगळ्या चाळण्या, आणि डबा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नाही, एवढं दिसलं की निम्मा विरोध मावळतो. वास येत असेल तर आईंचंच बरोबर आहे: कोरडी डुबिया कॉलनी जवळपास वासच देत नाही, वास येतो तो कुजलेल्या भाजीचा.

आता फेब्रुवारी संपत आलाय. वीस माद्या, पाच-सहा नर मार्चच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत आणा, शक्यतो स्वतः जाऊन किंवा रात्रीच्या एसटीनं. ते जमलं नाही तर कुरिअरनं एप्रिल-मेमध्ये मुळीच मागवू नका, मिरग पडेपर्यंत थांबा. तोवर मोठे टॅरँटुला पाण्यावर महिना-दीड महिना काढतात, पोट सुरकुतलं नाही म्हणजे झालं. पिल्लांसाठी मात्र पाळलेले क्रिकेट (रातकिडे) महिन्याला एक डबी आणत राहा.